विहिरीचं पाणी आणि रविवारची उपासना

छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ. मागं डोंगर, डोंगरात बौद्ध लेणी, आणि इकडं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ही पीएचडीवाली पोरगी सकाळपासून यूव्ही मशीनपुढं बसलीय. मूळची जालन्याकडची, ख्रिस्ती घरातली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकातच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं, तरी होस्टेलला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? ती नुसती हसते. मेसमध्ये ताटावर बसली की जरा डोळे मिटते आणि मग जेवते, बस्स एवढंच. 14 जानेवारीला नामविस्तार दिनाच्या गर्दीत रूममेटसोबत गेटवरपण जाते.

विषय आहे कापूस पट्ट्यातल्या विहिरींचं नायट्रेट, म्हणजे खतातून, शेणमुतातून पाण्यात उतरणारा क्षार. पाण्यातून अतिनील (यूव्ही) प्रकाश सोडून 220 नॅनोमीटर तरंगलांबीला रीडिंग घ्यायचं, मग 275 ला, पाण्यातल्या सेंद्रिय घटकांमुळं आकडा फुगतो तो वजा करायचा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं 45 मिलिग्रॅमची मर्यादा. ग्राफ मस्त चालला होता आणि गोठ्याशेजारच्या एका विहिरीनं सगळा घोळ केला, आकडा एकदम वर. सीनियर म्हणाला, काढून टाक की, आउटलायर म्हण, बाकीच्यांत न बसणारा आकडा, कोण बघतंय. आणि खरंच आहे, प्लॅजरिझमचं सॉफ्टवेअर उचललेली वाक्यं पकडतं, गाळलेला आकडा त्याला कुठून दिसणार! हिनं सॅम्पल परत लावलं, तेच आलं, वहीत पेनानं तसंच लिहिलं. मला विचाराल तर हिची श्रद्धा बघायची तर आधी ही वही बघा, गळ्यातला क्रॉस नंतर.

रविवारी मात्र लॅब नाही म्हणजे नाही. गाइडला तिनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, सर, शनिवारी रात्री उशिरापर्यंत थांबते पण उद्या उपासना आहे. मग संडे स्कूलची दंगेखोर पोरं, ना. वा. टिळकांची गीतं, पाळकसाहेबांचा उपदेश (तो लांबतोच). रिपोर्टच्या आठवड्यात हे जड जातं, फेलोशिप रखडली की अर्पणाच्या थैलीत टाकायची नोटपण दोनदा बघावी लागते.

थीसिसला वेळ आहे, पण ती आधीच त्या विहिरीवर जाऊन आली. मावशींनी पहिलंच विचारलं, "हीर बंद करतेत का काय आता?"

"नाही मावशी, धुण्या-वापरायला चालतंय. पिऊ नका."

"उकळून प्यावं का मग?"

"उकळून हे जात नाही, पाणी आटतं अन् उलट वाढतं. बाळाच्या दुधात तर अजिबात घालू नका, दुसरीकडून आणा."