‘अर्ज करा’ हे बटन ऐकू येतं का?

(वेबसाइट बांधणाऱ्या तरुण मंडळींपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, सुरुवातीलाच तुम्हाला एक अर्ज ऐकवतो. माझे एक स्नेही संगीत शिकवतात, जन्मापासून अंध आहेत. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या दाखल्यासाठी ते एका वेबसाइटवर अर्ज भरत होते आणि मी शेजारी बसलो होतो. त्यांच्या लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली, बोलत होता: “एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. ग्राफिक. क्लिकेबल. क्लिकेबल.” मला पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. पहिल्या चौकटीवर ‘अर्जदाराचे नाव’, दुसरीवर ‘वडिलांचे नाव’, तिसरीवर ‘जन्मतारीख’. त्यांनी मला विचारलं, “यातली नावाची कुठली?”

मी सांगत गेलो, ते भरत गेले. शेवटी कॅप्चा आला, वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. ते मी वाचून दाखवेपर्यंत वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. ते म्हणाले, “राहू दे. उद्या अर्धी रजा टाकतो आणि कचेरीतच जाऊन येतो.”

तो अर्ज आपल्यापैकीच कुणीतरी बांधलेला असणार. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं तो पाहिला होता, तपासला होता, साहेबांना दाखवून मंजूरही करून घेतला होता. चौकटीवरचं नाव आणि खालची चौकट यांची गाठ मारायची तेवढी राहिली होती. ती गाठ मारायला एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, ‘लेबल’ नावाचा टॅग १९९७ पासून आहे. एका चौकटीला एक ओळ लागते. त्या एका ओळीपायी एका माणसाची अर्धी रजा गेली, हे मी अजून विसरू शकलेलो नाही. आज जे बोलणार आहे ते सगळं तिथूनच आलंय.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत बसून १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिली वेबसाइट जगाला खुली झाली. तिचं पहिलं पान आजही उघडतं. सर्ननं २०१३ मध्ये ते मुद्दाम मूळ पत्त्यावर परत आणून ठेवलं. घरी गेल्यावर उघडून बघा. खिडकी अरुंद करा, ओळी आपोआप वळतात. अक्षर दुप्पट करा, काही फुटत नाही. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीनं फिरा, प्रत्येक दुव्यावर जाता येतं. स्क्रीन रीडर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. आज ज्याला आपण ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे सगळ्यांना वापरता येणं, म्हणतो, त्याचा बराचसा भाग त्या पानात फुकट आलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. साधं एचटीएमएल जन्मतःच सगळ्यांचं असतं. आपण त्यावर थर चढवत जातो आणि प्रत्येक थरासरशी कुणीतरी एक जण बाहेर पडतो. म्हणजे काम नवं काही जोडण्याचं फार कमी आहे. जे आयतं मिळालंय ते मोडायचं नाही, हे जास्त.

बटनाचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त मोडतोड इथेच होते. एचटीएमएलचं बटन वापरलंत की तीन गोष्टी आपसूक मिळतात. टॅब दाबत गेलं की तिथे पोचता येतं, एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांनी ते दाबलं जातं, आणि स्क्रीन रीडर “अर्ज करा, बटन” असं सांगतो. आता तेच बटन आपण डिव्हमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या नुसत्या कोऱ्या चौकटीत, बांधतो, त्याला रंग देतो, कडा गोल करतो आणि क्लिकला जावास्क्रिप्ट लावतो. दिसायला डिव्ह बटनापेक्षाही देखणं होतं. पण टॅब त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातो, एंटर दाबून काही होत नाही, आणि ऐकणाऱ्याला फक्त “अर्ज करा”, फार तर पुढे “क्लिकेबल”, एवढंच ऐकू येतं. हे बटन आहे की मथळा की सूचना, कळायला मार्ग नाही. मग आपण त्या डिव्हला रोल देतो, टॅबइंडेक्स देतो, कळांसाठी वेगळा कोड लिहितो. एवढा खटाटोप कशासाठी, तर बटन जे फुकट देत होतं ते परत मिळवण्यासाठी. असे रोल वगैरे सांगण्याच्या पद्धतीला एरिया म्हणतात. एरिया हे उपयोगी साधन आहे, पण तेच मानक लिहिणाऱ्यांचा पहिला नियम असा की साध्या एचटीएमएलनं काम भागत असेल तर एरिया वापरूच नका.

मथळ्यांचंही तेच. अक्षर मोठं आणि ठळक केलं की डोळ्यांना मथळा दिसतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरणारा मात्र एच ही कळ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतो, एफ दाबून अर्जातल्या चौकटींवर, बी दाबून बटनांवर. आपण मजकूर जसा नजरेनं चाळतो तसा तो कळांनी चाळतो. तुमच्या पानात खरा मथळा एकही नसेल, तर त्याला तुमची अख्खी बातमी पहिल्या शब्दापासून ऐकत बसावं लागतं. हा एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ साली लिहायला घेतला, आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्याला येऊन मिळाला. तो मोफत आहे. आज घरी जाऊन उतरवून घ्या, एवढी माझी विनंती आहे.

आता मराठीकडे येतो. इथे इंग्रजी पुस्तकं आपल्या फारशी कामाला येत नाहीत.

माझ्या वयाच्या माणसांना आठवेल. एकेकाळी प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या साइटचा स्वतःचा फॉन्ट असायचा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. खरं तर फॉन्ट असतानाही आत तो कालाच होता. फॉन्ट फक्त वरून मराठी चेहरा चढवायचा. स्क्रीन रीडरला चेहरा दिसत नाही, तो आतलं वाचतो. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं हे संपवलं, निदान वेबपानांपुरतं. पण जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ अजून फिरतायत, आणि सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेल्या सूचना तर रोज येतात. त्यांत अक्षर एकही नसतं, नुसतं चित्र असतं. सूचना पानावर मजकूर म्हणून टाका आणि सहीचा कागद खाली जोडा. दोन्ही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट इतकी छोटी आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी ‘एमआर’. आपण तयार टेम्प्लेट उचलतो, त्यात ‘ईएन’ लिहिलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. तो अडखळतो, आणि काही आवाज तर अशा वेळी चक्क गप्प बसतात. ऐकणाऱ्याला वाटतं पान रिकामं आहे. कुणी तिथे हिंदीचं ‘एचआय’ टाकतं, मग ‘चमचा’तला च ‘चहा’तल्या चसारखा उच्चारला जातो. आणि हे फक्त कानांपुरतं नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा निराळी आहेत. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा ‘एमआर’ सांगितली की फॉन्ट मराठी वळण काढून देतो. दोन अक्षरं लिहायची, त्यात आवाजही मराठी होतो आणि अक्षरही.

देवनागरीला वर-खाली जागा लागते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापानं ओळीची उंची ठरवली आणि बटनाच्या बाहेर जाईल ते छाटायला सांगितलं, तर पहिला बळी रफाराचा जातो. मी स्वतः एका साइटवर ‘अर्ज करा’चं ‘अज करा’ झालेलं पाहिलंय. ते तसंच महिनोन् महिने होतं. इंग्रजी मथळ्यांना शोभतं म्हणून अक्षरांमध्ये अंतर देतात, ते देवनागरीला दिलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळीची उंची मी तरी मराठीसाठी अक्षराच्या पावणेदोनपट ठेवतो. प्रमाण शास्त्रोक्त नाही, वाचून वाचून बसलेलं आहे.

रंगाचं मात्र माप ठरलेलं आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यता मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, २.० ही २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. तिच्या मधल्या, म्हणजे डबल ए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. आपला लाडका फिकट राखाडी, कोडमध्ये ‘९९९’ असा लिहितात तो, पांढऱ्यावर २.८ च्या आसपासच भरतो. मराठीत याचं मोल जास्त आहे. ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांत एका टिंबाचा फरक आहे. फिकट, बारीक अक्षरात, उन्हात धरलेल्या मोबाइलवर ते टिंब पहिलं नाहीसं होतं. तिथे तरणेताठे डोळेही चुकतात.

अर्जांकडे परत येतो, कारण माणूस वेबवर अडतो तो बहुतेक वेळा अर्जापाशीच. नावाच्या चौकटीला कुणीतरी ‘जास्तीत जास्त दहा अक्षरं’ अशी मर्यादा घालतं. ‘ज्ञानेश्वर’ लिहून बघा. आपल्या मोजणीनं ज्ञा, ने, श्व, र अशी चारच अक्षरं. संगणकाच्या मोजणीनं ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, म्हणजे पूर्ण दहा. ‘ज्ञानेश्वरी’ नावाच्या मुलीची शेवटची वेलांटी त्या चौकटीत मावत नाही. दुसरीकडे ‘फक्त अक्षरंच चालतील’ अशी तपासणी असते. ती लिहिणारा युनिकोडच्या ‘अक्षर’ या वर्गावर विसंबतो. तिथे काना-मात्रा-वेलांट्या ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे ‘कमल’ला प्रवेश मिळतो आणि ‘कमला’ला “कृपया योग्य नाव लिहा” असं उत्तर येतं. स्वतःच्या नावाला अयोग्य ठरवलेलं पाहून माणसाला काय वाटत असेल, ते कोड लिहिताना आठवा.

वेळ संपून अर्ज पुसला जाण्यावरही उपाय लिहून ठेवलेला आहे. वेळ संपण्याआधी सांगायचं आणि मुदत वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यायचे, तीही एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीनं. २.२ आवृत्तीनं आणखी दोन चांगल्या गोष्टी केल्या. लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेतली तर दुसरा सोपा मार्गही ठेवायचा, आणि एकदा विचारलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा लिहायला लावायची नाही. ओटीपी पेस्ट करायला बंदी घालणाऱ्यांनी यातलं पहिलं वाक्य मेजावर चिकटवावं.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारत सरकारची स्वतःच्या वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या निकालामागे एक साधी घटना होती. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका बाईंना बँकेत खातं उघडायचं होतं. ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, असं सांगितलं गेलं. त्यांना पापण्या मिटताच येत नव्हत्या. ‘ग्राहक जिवंत आहे का’ हे तपासण्यासाठी ती पायरी ठेवलेली होती, आणि जिवंत बाई समोर बसलेल्या होत्या.

हे सगळं अपंगांपुरतंच आहे असं समजू नका. माझी आई पंचाहत्तरीची आहे. तिनं मोबाइलचं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. एका ॲपमध्ये पुढचं बटन पडद्याच्या बाहेर गेलं, कारण बांधणाऱ्यानं उंची पिक्सेलमध्ये पक्की केली होती. एका साइटवर तिनं दोन बोटांनी पान मोठं करून पाहिलं, तर ते हललंच नाही, कारण कुणीतरी कोडमध्ये झूमच बंद करून ठेवलं होतं. तिला वाटलं फोन बिघडला. ती मला म्हणाली, “मला जमत नाही रे हे.” तिला जमत होतं. तिनं बरोबर तेच केलं होतं जे करायला हवं होतं.

आणि ते कोपऱ्यातलं चिन्ह, ज्यावर दाबलं की अक्षर मोठं करा, रंग उलटे करा असा डबा उघडतो, ते बसवून सुटका झाली असं मानू नका. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आहे, वाचून दाखवणारा आवाज माणसानं आधीच आपल्या सवयीचा लावून घेतलेला आहे. लेबल नसलेली चौकट त्या डब्यानंतरही “एडिट, ब्लँक”च राहते.

बोलणं पुष्कळ झालं. आता हा माउस मी पिशवीत टाकतो. लॅपटॉपवर एनव्हीडीए चालू केलाय, मराठी आवाज लावलाय आणि प्रोजेक्टर बंद करतोय, म्हणजे पडदा कुणालाच दिसणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः बांधलेल्या एका अर्जाचा पत्ता सांगा. आपण सगळे मिळून तो नुसत्या कळांनी, ऐकत ऐकत, शेवटच्या बटनापर्यंत भरून बघू. हं, तिसऱ्या रांगेतून हात वर आलाय. या, पुढे या. पत्ता सावकाश सांगा.