आधी नारळ, मग नाव

श्रोतेहो, नमस्कार.

भूसंपादन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सातबारा, मोजणीची साखळी आणि कोर्टाच्या तारखा मोजणारा शेतकरी. दादरच्या इंदू मिलमध्ये यातलं काहीच नव्हतं. जमीन आधीपासून सरकारचीच. तरी या सरकारच्या हातून त्या सरकारच्या हातात जायला तिला काही वर्षं लागली.

इंदू मिल म्हणजे मूळची इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे केंद्राकडे आली. सुमारे साडेबारा एकर, समुद्राला लागून. चैत्यभूमी हाकेच्या अंतरावर. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून त्यांच्या स्मृतिदिनी, दर ६ डिसेंबरला, इथे माणसांचा सागर येतो. त्यांना टेकायला जागा म्हणजे शिवाजी पार्कची माती. शेजारी बंद गिरणीचं फाटक, आत ओसाड शेड. गिरणीच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक व्हावं, ही मागणी तिथूनच उठली.

६ डिसेंबर २०११ला कार्यकर्ते गिरणीत शिरले आणि ठाण मांडून बसले. जवळपास एका वर्षाने, ५ डिसेंबर २०१२ला, जमीन स्मारकासाठी देत असल्याचं केंद्राने संसदेत सांगितलं. घोषणा झाली, पण मोबदल्याचा हिशेब राहिला. रस्त्यासाठी खासगी जमीन घेतली तर २०१३च्या कायद्याप्रमाणे मालकाला मोबदला, वर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. इथे मालक सरकारी असला तरी त्याच्या वहीत जमीन म्हणजे मालमत्ताच! शेवटी रोख पैशांऐवजी टीडीआरची वाट निघाली. म्हणजे इथलं बांधकामाचं क्षेत्र दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क. मुंबईत आकाशालाही भाव असतो, तो असा.

आता गंमत बघा. भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं ११ ऑक्टोबर २०१५ला. आणि जमीन राज्याकडे रीतसर आली मार्च २०१७मध्ये. आधी नारळ फुटला, मालकी मागाहून आली. साधी खोली घेताना आपण कागद पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही, हे मला तेव्हा राहून राहून आठवत होतं.

पुढे चर्चा सुरू झाली उंचीची. चौथरा १०० फूट, पुतळा ३५० फूट. शिल्पकार राम सुतार. उंचीवर सगळे भरभरून बोलतात. मला मात्र या जागेत वाचायला बसता येईल का, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात सर्वांत मोठी गर्दी असते पुस्तकांच्या स्टॉलवर. एका वर्षी एक आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या, विदर्भातून रात्रभर रेल्वेने आलेल्या. वाचता येत नव्हतं. नातवासाठी संविधानाची प्रत घेतली, पदराने पुसली, पिशवीत चपात्यांच्या डब्यावर ठेवली. मग मला विचारलं, "बाई, ती बाबासाहेबांची गिरणी कोणत्या अंगाला हो?"

मी पत्र्याच्या कुंपणामागची क्रेन दाखवली.