ठिणगी, वारा आणि वळचण

श्रोतेहो, नमस्कार. गांधीलमाश्यांचं पोळं बुजवायला निघालेल्या एका माणसापासून सुरुवात करतो. २०१८चा जुलै, कॅलिफोर्नियातली मेंडोसिनो काउंटी. पोळं जमिनीत होतं. त्याचं तोंड बंद करायला त्यानं लोखंडी खुंटी ठोकली. हातोडा बसला, ठिणगी उडाली, वाळलेलं गवत पेटलं आणि बघता बघता वणवा त्याच्या हाताबाहेर गेला. चार लाख एकरांहून जास्त मुलूख जळाला! याला अपघात म्हणायला माझी हरकत नाही.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइझ हे छोटं शहर जळालं. तिथं मात्र हा शब्द माझ्या जिभेवर अडतो. विजेची तार ज्या लोखंडी आकड्यावर टांगलेली होती, तो जवळजवळ शंभर वर्षांचा. झिजत झिजत तुटला. तार सुटली, खाली सुकं गवत होतंच. ८५ माणसं गेली. वीज कंपनीनं पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. आकडा काही एका रात्रीत झिजला नव्हता, नाही का?

आग लागली सकाळी साडेसहाच्या सुमारास, आणि दीड-दोन तासांत ती शहरात होती. वणवा म्हणजे ज्वाळांची भिंत चालून येते, असं आपल्याला वाटतं. पण भिंत मागेच असते. आधी येतात निखारे, वाऱ्यावर बसून. सालीचा जळता तुकडा कौलाच्या फटीत शिरतो, पन्हळीत साठलेल्या पाचोळ्यावर पडतो, वळचणीला रचलेल्या लाकडांत धुमसत राहतो. घर पेटलं की शेजारचं घर पेटायला जंगल लागत नाही. पॅराडाइझमध्ये घरांची राख झाली होती आणि त्याच अंगणातली कितीतरी पाइनची झाडं हिरवी उभी होती.

म्हणून पन्हळ आजच साफ करा, लाकडं भिंतीपासून लांब हलवा. आणि निघायचं, तर ज्वाळा दिसायची वाट पाहू नका. पॅराडाइझमधून बाहेर पडायला रस्ते मोजकेच. ते तुंबले, तेव्हा लोक गाड्या तिथंच टाकून धावत सुटले. दिवस उजाडलेला होता, पण धुरानं इतकं अंधारलं होतं, की गाड्यांचे दिवे लावूनही पुढचं दिसत नव्हतं.