ड्यूटी चार्टातली दादागिरी

मंडळी, इंदूरच्या रुग्णालयांत घरची बोली मराठी असो, निमाडी असो की मल्याळम, वॉर्डात बोलणं हिंदीतच चालतं. "इतना भी नहीं आता? कॉलेज में क्या सीखा?" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेक सिस्टर्सनी ऐकलेलं असणार. ते एकदा ऐकावं लागलं, तर त्याला छळ म्हणू नये. पेशंट कोसळलेला असताना चढलेला आवाजही छळ नव्हे. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी कामाच्या ठिकाणच्या छळाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांनी लावलेला निकष असा : आठवड्यातून किमान एकदा, निदान सहा महिने, त्याच माणसावर. आपण तो काटेकोर धरायचं कारण नाही, पण वारंवारता आणि एकालाच धरणं, या दोन गोष्टी बघायच्याच.

मोठा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. कागदावरचा छळ कुणाला दिसत नाही, म्हणून तो जास्त टिकतो. सकाळी आठला नाईट संपवून गेलेल्या मुलीला त्याच दुपारी दोनला बोलवायचं. तिचा ऑफ आदल्या संध्याकाळी कापायचा. सगळ्यात अवघड बेड रोज तिच्याच वाट्याला द्यायचे. एकेक गोष्ट विचारली तर "स्टाफ कम है" हे उत्तर तयार असतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी, इतरत्र पाच खाटांमागे एक. रात्रीच्या वॉर्डात हे कुठे दिसतं, ते तुम्हीच सांगा. इन्चार्ज सिस्टरही या ओझ्याखाली वाकलेल्या असतात. पण ओझं सगळ्यांत वाटलं जातं की एकीच्याच डोक्यावर जातं, हे चार्टावरून मोजता येतं. तीन महिन्यांचे चार्ट समोर ठेवा. प्रत्येकीच्या नावापुढे नाईट, रविवार, आयत्या वेळी बदललेल्या पाळ्या आणि नामंजूर रजा मांडा. तोंडी वादात जे सिद्ध होत नाही, ते इथे दहा मिनिटांत दिसतं. म्हणून चार्ट लागला की दर वेळी त्याची प्रत ठेवा. बदल झाला तर बदललेल्या चार्टाचीही.

छळाची दुसरी जागा हँडओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देण्याची. छळ मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 22 मुद्द्यांच्या प्रश्नावलीत माहिती दडवून ठेवणं हा मुद्दा आहे. आपल्याकडे तो पेशंटच्या जिवाशी येतो. इन्सुलिनचंच बघा. मिलीमागे 40 युनिटच्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, 100 युनिटच्या व्हायलला नारिंगी. हे कुणी सांगितलं नाही आणि 100 ची व्हायल घेऊन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर पाव मिली येतं, म्हणजे दहाऐवजी पंचवीस युनिट. पोटॅशियम क्लोराइडचा दहा मिलीचा अँप्युल पातळ न करता थेट शिरेतून दिला, तर हृदय थांबू शकतं. अशा औषधांना दोघींची तपासणी असते ती याचसाठी. पण विचारलं की हसतात, हे एकदा शिकलेली फ्रेशर विचारणं सोडते. दुसरी सिस्टर न बघताच सही करते. रजिस्टरात दोन सह्या असतात, तपासणी मात्र एकीचीही झालेली नसते. मग इन्सिडेंट रिपोर्टात दोष कुणाचा लागतो? फ्रेशरचा.

कुणाला झापलं जात असताना शेजारी उभ्या असलेल्यांना सोयीचं एक वाक्य आहे : "सिस्टर, ये बाद में बैठकर बात करेंगे, पहले डोस देख लें." यात कुणाचा अपमान नाही आणि काम पुढे सरकतं.

तक्रार करायची तर आधी नोंदी. तारीख, वेळ, पाळी, वॉर्ड, बोललेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. "नेहमी त्रास देतात" या वाक्याला चौकशीत शून्य किंमत. वही घरी ठेवा. तिच्यात पेशंटचं नाव लिहू नका आणि केसपेपरचे फोटो तर मुळीच काढू नका, नाहीतर कारवाई तुमच्यावरच होईल. अर्ज नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल, तर एक पायरी वर जा.

कायद्याचं म्हणाल तर अशा छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मध्य प्रदेशचा 2008 चा वैद्यकीय संरक्षणाचा कायदा हल्ल्यांसाठी आहे, टोमण्यांसाठी नाही. मात्र छळात लैंगिक शेरे, स्पर्श, मेसेज असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. ही मुदत हातची जाऊ देऊ नका.

ड्यूटीच्या विचारानेच पोटात गोळा येणं, ऑफच्या दिवशीही झोप न लागणं, हे आठवडे-आठवडे चालू राहिलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. हिंदीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

आणि "रजिस्ट्रेशन रद्द करवा देंगे" या धमकीला घाबरू नका. नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची असते. ती काढायची तर कौन्सिलच्याच नियमांनी, रुग्णालयाच्या मर्जीने नाही. मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली असतील, तर ती मात्र राजीनाम्याच्या आधी लेखी मागून घ्या, आणि अनुभवपत्राची मागणीही त्याच अर्जात करा.