सीटी २८ म्हणजे किती?

महापे एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडं आत. तिसऱ्या मजल्यावरच्या या प्रयोगशाळेत ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटचा रिअल-टाइम पीसीआरचा, म्हणजे डीएनएच्या प्रती फेरीफेरीने वाढवत मोजण्याचा, रन नुकताच संपलाय.

"मॅडम, सात नंबरच्या नमुन्याची सीटी २८.०४ आली."

"बरं. मग व्हायरस किती?"

नवी मुलं इथे हमखास गप्प होतात.

सीटी म्हणजे मात्रा नव्हे. डीएनए दर फेरीत जवळपास दुप्पट होतो, तशी चमक वाढते. ठरवलेली रेषा ती कितव्या फेरीत ओलांडते, एवढंच सीटी सांगते. माल जास्त, तर सीटी कमी. पूर्वी सगळ्या फेऱ्या संपल्यावर जेलवरचा डीएनएचा पट्टा बघायचे. तोवर थोडं आणि खूप सारखंच दिसू लागायचं. रसेल हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९९२-९३ मध्ये चमक चालू फेऱ्यांतच मोजून दाखवली.

'किती' ठरवायला मोजपट्टी लागते. म्हणून त्याच प्लेटवर स्टँडर्ड, म्हणजे किती प्रती आहेत ते आधीच माहीत असलेले नमुने, लावतात: दहा लाख प्रतींपासून दहापट पातळ करत करत दहापर्यंत. हात बघा. दर नळीला नवी टिप, व्होर्टेक्सवर घुसळणं, लगेच स्पिन करून थेंब तळाशी. कंटाळवाणं काम, पण सगळा हिशोब त्याच्यावर. पहिलीच नळी चुकली तर ती चूक खालच्या सगळ्या नळ्यांत उतरते, आणि आलेख मात्र अगदी सरळ येतो. बिंदू रेषेवर किती नीट बसलेत ते सांगणारा आर-स्क्वेअर ०.९९९ बघून खूश होणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

पडद्यावर आडवा प्रतींचा लॉग, उभी सीटी. उतार उणे ३.३२, म्हणजे कार्यक्षमता १०० टक्के, दर फेरीत बरोबर दुप्पट; उणे ३.१ ते उणे ३.६ चालवून घेतात. लॉग शून्याला, म्हणजे एका प्रतीला, रेषा ३८ वर. ३८ वजा २८.०४, भागिले ३.३२. उत्तर ३; हा लॉग, म्हणजे दहाचा तिसरा घात, १,००० प्रती.

पण या एका वेलमध्ये. वेलमध्ये ५ मायक्रोलिटर घातलं, अर्क होता ५० मायक्रोलिटर; म्हणजे अर्कात १०,०००. अर्क काढला २०० मायक्रोलिटर प्लाझ्मातून. मिलिलिटरला ५०,०००. घाईत राहून जातो तो हाच गुणाकार.

"आणि अकरा नंबर, मॅडम? सीटी ३७.२. सॉफ्टवेअर १.७ प्रती दाखवतंय."

"दाखवेल गं. आपलं शेवटचं स्टँडर्ड दहाचं आहे ना? त्याच्याखाली आकडा द्यायचा नाही. एनटीसी, तो नमुना न घातलेला वेल, कोरा आहे?"

"कोरा आहे."

"मग 'आढळला, मोजमापाच्या मर्यादेखाली' असं लिही. बारा नंबर सांग."