संकोच आणि पहिले वाक्य

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि आवर्जून आलेल्या पालकांनो,

सोळाव्या-सतराव्या वर्षी कुणीतरी आवडू लागते, तेव्हा आपल्या घरांत त्याची एकतर थट्टा होते किंवा चिंता. ज्याच्या जिवाची घालमेल चाललेली असते, त्याच्याशी मात्र कुणी सरळ बोलत नाही. मला आज त्याच्याशीच बोलायचे आहे.

लाजणाऱ्या मुलाला वाटते की आपले सारे लक्ष त्या मुलीकडे आहे. वास्तविक ते स्वतःकडेच असते: आवाज कापला का, हात कुठे ठेवावेत, मागचे मित्र हसले का. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडले की किशोरवयात मन स्वतःभोवती एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग उभा करते आणि सगळे आपल्यालाच पाहत आहेत असे धरून चालते. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. जवळजवळ निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे चौथा हिस्साच निघाले. हा आकडा तुम्ही जवळ बाळगावा असे मला मनापासून वाटते.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभर बाकांवर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलून आपली भीड मोडली, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. भीती वाटणारी गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याने भीती ओसरते, हे त्यातले तत्त्व खरे आहे. पण आपल्या पुण्याच्या संभाजी उद्यानात कुणी तसे करावे, असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाच्या निवांतपणावर आपला सराव करणे मला पटत नाही, आणि आपल्याकडे त्याची गरजही नाही, कारण एकत्र काम करण्याच्या जागा पुण्यात भरपूर आहेत.

पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीच पाहा. संध्याकाळी कॉलेजच्या एखाद्या वर्गात बाक भिंतीला सरकवलेले असतात, बाहेर पाऊस असतो, प्रकाशयोजना करणारा मुलगा कोपऱ्यात संहितेवर पेन्सिलीने खुणा करत असतो, आणि त्याला आवडणारी मुलगी चौथ्यांदा त्याच वाक्याला अडखळते. त्या वेळी ‘इथे तू थांबतेस ते चांगलं वाटतं, दिवा तिथेच मंद करू का?’ एवढे त्याने विचारले, तरी त्याचे लक्ष स्वतःवरून उठून तिच्या कामावर गेलेले असते आणि तिला उत्तर द्यायला काहीतरी मिळते. पाठ केलेले प्रेमपत्र हे करू शकत नाही. मित्राकरवी निरोप धाडणे तर टाळाच. त्यात तिची चारचौघांत कुचंबणा होते.

पुढे ओळख वाढली, तर ‘तालमीनंतर चहा घेऊ या का?’ हे स्वतः, एकट्याने आणि तिला सहज नाही म्हणता येईल अशा वेळी विचारावे. मुलींनीही विचारावे, त्यात कमीपणा नाही. उत्तर टाळाटाळीचे आले, तरी तो नकारच समजावा. बसथांब्यापर्यंत मागे जाणे, रात्री मेसेज करत राहणे हा चिकाटीचा भाग नव्हे, तो त्रास आहे, आणि नको म्हटल्यावरही तो चालू ठेवला तर कायद्याने गुन्हा ठरतो.

पालकांनो, नकार घेऊन घरी आलेला मुलगा जेवला नाही, तर त्या रात्री त्याला अभ्यासाची आठवण करून देऊ नका. ताट झाकून ठेवा आणि तो बोलू लागला, तर ऐका.