कूलर, खिडकी आणि आमची चिऊ: नागपूरचा मे महिना

आवाज येऊन राहिला ना माझा? मागं जे घर्र घर्र चालू आहे तो कूलर आहे, तो काही मी बंद करणार नाही. दुपारचे अडीच वाजलेत, बाहेर ४५ आहे अन् आतल्या खोलीत चिऊ झोपली आहे. म्हणजे माझ्याकडं फार तर पाऊण तास. मधेच रडणं ऐकू आलं तर व्हिडिओ तिथंच संपला समजा.

चिऊ आमची वीस महिन्यांची. मागचा उन्हाळा तिनं पाळण्यात काढला, तेव्हा वाटलं, जमलं बुवा आपल्याला. यंदा ती पळते, चढते, ओढते, अन् जे हाती लागेल ते तोंडात नाही तं कूलरच्या जाळीत घालते. त्यामुळं या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवढी भांडणं झाली त्यातली अर्धी कूलरवरून झाली, म्हणून म्हटलं आज कूलरवरच बोलू. पुण्याची माझी मावसबहीण म्हणते, एवढी कटकट करण्यापेक्षा एसी लावा ना. अगं आहे की एसी, बेडरूममध्ये. पण एवढं लेकरू चोवीस तास बेडरूममध्ये बसतं का? ते स्वयंपाकघरात येतं, हॉलमध्ये येतं, दार उघडं दिसलं की जिन्यात जातं. हॉलला नागपुरात कूलरच लागतो. होळी झाली की माळ्यावरून खाली काढायचा, ताट्यांमधलं, म्हणजे बाजूच्या जाळ्यांमधलं, जुनं गवत फेकून नवीन भरायचं, स्टँड खिडकीबाहेर लावायचा, हे इथं पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे.

तर पहिलं भांडण खिडकीचं.

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं असं की कूलर लावला की घरातलं सगळं बंद पाहिजे. दार बंद, खिडक्या बंद, खालच्या फटीला पायपुसणं. "गार हवा बाहेर चालली ना बापा सगळी!" आणि मी मागं मागं जाऊन समोरची खिडकी उघडायची, त्या परत लावायच्या. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी घरात असं चिकचिक झालं, भिंतीला हात लावला तर दमट, पापडाचा डबा उघडा राहिला होता तर पापड मऊ, आणि चिऊच्या मानेवर अन् गुडघ्यामागं लाल लाल घामोळ्या.

का, तर ऐका, हे नीट समजलं की बाकी सगळं समजतं. कूलरमध्ये एसीसारखी गॅस-बिस काही भानगड नाही, त्यात फक्त पाणी आहे. पंप ते पाणी ताट्यांवर सोडतो, मागचा पंखा बाहेरची गरम कोरडी हवा त्या ओल्या गवतातून खेचतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती त्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच कारणानं, आंघोळ करून पंख्याखाली उभं राहिलं की शहारा येतो तोही ह्यानंच. वाफ होताना पाणी किती उष्णता खातं माहितीये? बर्फासारखं गार एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी लागते, त्याच्या पाच पटीपेक्षा जास्त.

पण हवा जशी गार होते तशी ती ओलीही होते ना. ती ओली हवा बाहेर गेलीच नाही तर घरातली हवा ओली ओली होत जाते, मग अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होणार कसं? म्हणून कूलर ज्या खिडकीत आहे तिच्या समोरच्या बाजूची एक खिडकी किंवा दार उघडं पाहिजे. पूर्ण नको, थोडं. कूलर जेवढी हवा आत ढकलून राहिला तेवढीला जायला वाट मिळाली की झालं. आईंना मी हे वाफ-बिफ सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्ही पन्नास उन्हाळे काढले. मग मी काही बोलले नाही, नुसती अगरबत्ती लावून त्या खिडकीपाशी धरली. धूर कसा सुळ्ळकन बाहेर गेला ते त्यांनी पाहिलं, खिडकी लावली तर तोच धूर खोलीत गोल गोल. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मच्छर येतील मग." म्हणजे पटलं होतं. खिडकीला जाळी लावून घेतली, विषय संपला.

आणि बर्फ. आमचे हे एके दिवशी ऑफिसमधून येताना बर्फाची लादी घेऊन आले अन् कूलरच्या टाकीत सोडली, काय तो आनंद. पंधरा मिनिटं सगळे समोर जाऊन बसले, मग जसंच्या तसं. कारण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या साधारण सात पट उष्णता एक किलो पाणी नुसतं वाफ होताना घेतं. म्हणजे काम वाफच करून राहिली, बर्फ नुसता पाहुणा. त्या पैशात टरबूज आणा.

नागपूरला हे कूलर प्रकरण जमतं त्याचं कारण आपली हवा. मे महिन्यात दुपारी इथं आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, ओठ फुटतात, वाळत घातलेला लंगोट अर्ध्या तासात कडक. अशा हवेत ४५ डिग्रीची हवा चांगल्या कूलरमधून २९-३० ची होऊन येते. हाच कूलर मुंबईला लावा, नुसतं दमट व्हाल. आणि आपल्याकडंही पाऊस पडला की तो कामातून गेला, बाहेर ३४ असेल आणि हवेत ओल असेल तर तीन-चार डिग्री उतरवतो फक्त. जूनच्या शेवटी लोक म्हणतात कूलर खराब झाला, मेकॅनिकला बोलावतात. अहो खराब नाही झाला, पावसाळा आला.

४५ वरून आठवलं. हवामान खात्याच्या नोंदीत नागपूरचा जो ४७.९ चा आकडा आहे तो २३ मे २०१३ चा. आणि मे २०२४ मध्ये ५६ डिग्रीचा आकडा फिरला होता ना, आमच्या फॅमिली ग्रुपवर तो एका दिवसात सहा जणांनी टाकला. तो सेन्सर बिघडला होता, खात्यानंच सांगितलं नंतर. आमचे एक काका आजही मानत नाहीत, म्हणतात दाबलं.

बरं, आता महत्त्वाचं, आणि हे जरा गंभीरपणे बोलते.

(इथं कॅमेरा प्लगकडं)

हा प्लग बघा. तीन पिनांचा आहे, दिसतोय ना? वरची जाड पिन अर्थिंगची. मार्चमध्ये कूलर सुरू केला तेव्हा यांचा हात पत्र्याला लागला आणि म्हणाले झिणझिण्या आल्या. मी म्हटलं पाय ओले असतील. दुसऱ्या दिवशी परत. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं प्लग उघडला, तर आत हिरवी वायर कशालाच जोडलेली नाही, नुसती दुमडून टेप मारून ठेवलेली! ज्या माणसानं मागच्या वर्षी पंप बदलून दिला त्याचा हा उद्योग. म्हणजे तीन पिनांचा प्लग बाहेरून दिसायला, आत अर्थिंग शून्य. पंपाची वायर पाण्यात राहून राहून वरचं आवरण कुठं तरी गेलं होतं आणि पत्र्यात करंट उतरत होता. आणि त्याच पत्र्याला दोन दिवस आधी आमची पोट्टी, अनवाणी, गळणाऱ्या पाण्यात उभी राहून, जीभ लावत होती.

मला ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

कूलरचा शॉक लागून माणूस गेला ही बातमी आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते आणि आपण पान उलटतो. तेव्हा एवढं करा, प्लग उघडून हिरवी वायर जोडलेली आहे का बघायला सांगा, आणि घराच्या अर्थिंगमध्येच दम आहे का तेही तपासून घ्या, जुन्या घरांमध्ये खूपदा नसतो. मेन बोर्डात आरसीसीबी बसवून घ्या, ३० मिलीअँपिअरचा, काही लोक त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात, करंट गळायला लागला की तो क्षणात सप्लाय पाडतो. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, प्लग काढून हातात घ्यायचा, मग पाइप लावायचा. आमच्याकडं हा नियम फ्रिजवर लिहून ठेवला आहे.

जाळीचं पण सांगते. समोरच्या पट्ट्यांमधून मोठ्या माणसाचं बोट जात नाही, पण वीस महिन्यांच्या लेकराचं जातं. आमचं तर बोटावर नाही, चमच्यावर निभावलं. खीर खाता खाता बाईसाहेब उठल्या, चमचा जाळीतून आत सोडला. टर्रर्रर्र! असा आवाज की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. चमचा पंख्याच्या पात्याला लागून वाकला, पात्याचा थोडा टवका उडाला, आणि चिऊ? ती टाळ्या वाजवून राहिली. तेव्हापासून आम्ही पट्ट्यांवर बारीक तारेची जाळी तारेनंच बांधून टाकली आहे. हवा थोडी कमी येते, येऊ दे.

डासांचं तर सगळ्यांना माहीत असतं पण करत कोणी नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, कूलरची टाकी म्हणजे त्याचं माहेरघर. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, आणि नुसती रिकामी नाही, आतून कडा घासायच्या. कारण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, परत पाणी भरलं की जिवंत. आमच्याकडं रविवारी सकाळी हे काम यांचं. चिऊ मदत करते, म्हणजे स्वतः टाकीत बसते.

बाकी दिवस कसा जातो, तर उलटा. पहाटे साडेपाचला चिऊला घेऊन बाहेर, कधी सेमिनरी हिल्सकडं, नाही तं घरामागच्या बागेत, घसरगुंडी आठ वाजता तापते त्याच्या आत परत. दहानंतर दार बंद ते थेट संध्याकाळी सहा-साडेसहाला. मग फुटाळा तलावावर एक चक्कर, तिला बदकं दिसली नाही तरी ती "बक बक" करते. आंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत भरून झाकून ठेवते, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला इतकं कढत येतं की एकदा मी न बघता तिचे पाय नळाखाली धरले आणि ती किंचाळली. आता आधी माझं मनगट, मग तिचे पाय. आणि भरलेली बादली बाथरूममध्ये, बाथरूमला बाहेरून कडी, लेकरू तेवढ्या पाण्यातही बुडू शकतं.

लहान लेकरांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि घामही त्यांना कमी येतो, त्यामुळं घाम नाही आला म्हणजे ठीक आहे असं नाही. मी शू मोजते. हसू नका. सहा-सात तास झाले आणि शू नाही, किंवा अगदी गडद पिवळी, ओठ कोरडे, रडतंय पण डोळ्यात पाणी नाही, म्हणजे पाणी कमी पडून राहिलं. जुलाब-उलटी असेल तर ओआरएस, ती साखर-मिठाची पुडी. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पुडी एक लिटरमध्येच, ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी असले अंदाज नाही करायचे, आणि केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. दुकानात फळांच्या चवीचे जे डबे मिळायचे ओआरएस नाव लावून, ते ओआरएस नव्हतेच, साखरच जास्त, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, ते नाव लावायलाच मनाई केली. एरवी साधं पाणी, ताक, पातळ वरण, पन्हं. आणि अंग भट्टीसारखं तापलं, लेकरू ग्लानीत गेलं, ओळखत नाही, झटके आले तर तापाचं औषध पाजत बसू नका, उन्हाच्या तापावर ते चालत नाही. कपडे काढा, अंगावर पाणी टाका, पंखा घाला आणि अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन.

आईंनी तिच्या फ्रॉकच्या खिशात कांदाही ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. मी काही म्हटलं नाही. चिऊनं तो काढून चावला, तोंड असं केलं, आणि नेऊन आजीच्याच हातात दिला. नवतपा लागायचा आहे अजून, २५ तारखेपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा कांद्यांची संख्या वाढेल.

थांबा. आवाज बदलला बघा कूलरचा, ऐकू आलं? पाणी संपलं, पंप कोरडा ओढून राहिला. आणि ती पण उठली वाटते.

आले गं, आले. आधी प्लग काढू दे.